सोलापुरात पहिली ई-गाडी घेताय? आधी घरची भिंत बघा

गेल्या मे महिन्यात जुळे सोलापुरातून एका गिऱ्हाईकाचा फोन आला. "मालक, नवी गाडी चार्जला लावलीय, पण जळका वास येतोय." मी वायरमन आहे. वीस वर्षं सोलापुरात घरांचं आणि दुकानांचं फिटिंग करतोय. तसाच निघालो. अक्षय्य तृतीयेला घेतलेली कार पार्किंगमध्ये उभी होती, बॉनेटवरचा हार अजून काढलेला नव्हता. भिंतीवरचं सॉकेट तपकिरी होऊन एका बाजूनं वितळलं होतं. प्लग ओढला तर पिनेला चिकटलेलं प्लास्टिक चिक्कीच्या पाकासारखं तार धरून लांबत आलं. गाडीत काहीच दोष नव्हता. इमारत बांधताना कुणीतरी त्या पॉइंटला दीड एमएमची वायर ओढली होती. दिवा लागावा, फार तर ड्रिल मशीन चालावं, एवढीच तिची ताकद.

त्या माणसानं गाडी निवडायला चार महिने घातले होते. रेंज, कर्ज, रंग, सगळं पाठ. पण गाडी रोज कुठं उभी राहणार आणि तिथली वीज कशी आहे, हे ना त्यानं विचारलं ना शोरूमवाल्यानं. पेट्रोलच्या गाडीला हा प्रश्नच येत नाही, टाकी आणि नोझल पंपवाला सांभाळतो. ई-गाडी घेतली की तो पंप आपल्या भिंतीवर येतो आणि त्याची काळजीही आपल्यावर. पहिल्यांदा ई-स्कूटर किंवा ई-कार घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. ज्यांचा धंदा पेट्रोलच्या गाड्यांवर चालतो त्यांच्यासाठीही पुढे बरंच आहे.

पायरी १: आठवडाभर किलोमीटर लिहा

शोरूमला जायच्या आधी सात दिवस रोज रात्री गाडीचं रीडिंग वहीत लिहा. जुळे सोलापूर ते नवी पेठ, मुलांची शाळा, सात रस्त्याला भाजी, असं सगळं धरूनही बऱ्याच जणांचा दिवस वीस-पंचवीस किलोमीटरच्या पुढे जात नाही. चिंचोळी एमआयडीसीत नोकरी असेल तर येऊन-जाऊन तीस-पस्तीस. तीन युनिट मावणारी बॅटरी असलेली ई-स्कूटर शहरात साधारण ऐंशी ते शंभर किलोमीटर चालते. म्हणजे बहुतेकांची बॅटरी संध्याकाळी निम्म्याहून जास्त शिल्लक असते.

इथं जुनी सवय आडवी येते. रिझर्व्हला लागेपर्यंत गाडी चालवायची आणि मग पंपाकडे वळायचं, हे आपल्या हाडात बसलंय. जानेवारी २०२४ च्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला टँकरचालकांच्या संपामुळे राज्यभर पंपांवर रांगा लागल्या होत्या. अनेकांना तेव्हाच कळलं की टाकी रिकामी ठेवून फिरणं किती अडचणीचं असतं. खरं तर सोलापूरकराला साठवणीची शिस्त वेगळी शिकवायला नको. नळाला पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांनी येतं, म्हणून पाण्याच्या दिवशी पिंप अर्धं भरलेलं असलं तरी आपण ते काठोकाठ भरतोच. गाडीचंही तसंच धरा. घरी उभी आहे, हाताशी वेळ आहे, तर लावा चार्जला. मुद्दाम वाट वाकडी करून कुठं जायचं नाही. गाडी जिथं नाहीतरी उभीच असते, तिथंच तिचं पोट भरायचं. ही एक गोष्ट नीट समजली की पुढचं सगळं, बिलापासून हायवेवरच्या हॉटेलापर्यंत, आपोआप उलगडत जातं.

पायरी २: भिंत तपासा

ही पायरी सगळ्यात मोठी आहे, घाई करू नका.

ई-स्कूटरचा चार्जर साधारण पाचशे ते हजार वॉटचा असतो, म्हणजे इस्त्रीएवढा. कारसोबत मिळणारा पोर्टेबल चार्जर तीन किलोवॉटच्या आसपास घेतो, गिझरपेक्षाही जास्त. पण खरा फरक वेळेचा आहे. गिझर दहा-पंधरा मिनिटांत बंद होतो, गाडी आठ-दहा तास सलग ओढत राहते. दहा मिनिटांत कोमट होणारी वायर आठ तासांत वितळते. जुळे सोलापुरात नेमकं हेच झालं होतं.

कारसाठी मीटरजवळच्या डीबीपासून, म्हणजे घरातल्या सगळ्या लाइनी जिथून फुटतात त्या पेटीपासून, स्वतंत्र लाइन ओढून घ्या. पोर्टेबल चार्जरला तांब्याची ४ एमएम वायर, चांगल्या कंपनीचं १६ अँपिअरचं सॉकेट, स्वतःचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच), शक्यतो ए टाइपची. मधे जोड नको. त्याच लाइनवर दुसरा पॉइंट नको. एक्स्टेंशन बोर्ड तर अजिबात नको, "आजच्या रात्रीपुरता" सुद्धा नको.

मग अर्थिंग. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण वरच्या मोठ्या भोकामागं वायरच नसते. वायरमनला मल्टिमीटर लावून दाखवायला सांगा. फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढेच व्होल्ट दिसले पाहिजेत जेवढे फेज आणि न्यूट्रलमध्ये दिसतात. न्यूट्रल आणि अर्थमधला आकडा दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. अर्थिंग खराब असेल तर बरेच चार्जर लाल दिवा दाखवून चार्जिंग नाकारतात. अशा वेळी काही जण सॉकेटच्या मागं न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून चार्जरला फसवतात. हे करू देऊ नका. न्यूट्रल कुठं तुटला तर गाडीच्या अख्ख्या पत्र्यात करंट उतरेल, आणि पहिला हात बहुधा घरातल्या लेकराचाच लागेल. मी हे काम कितीही पैसे दिले तरी करत नाही. दुसरा कुणी करायला तयार असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. आपल्याकडे वर काळी माती आणि खाली मुरूम, उन्हाळ्यात जमीन भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. मार्च ते जून आठवड्यातून दोनदा त्यात बादलीभर पाणी ओता.

आता मंजूर भार, म्हणजे तुमच्या जोडणीवर एका वेळी किती किलोवॉट घ्यायची परवानगी आहे तो आकडा. वीजबिलावर हा शब्द छापलेला असतो, त्यापुढचा आकडा बघा. स्कूटरमुळे सहसा काही अडत नाही. कारसाठी मात्र, विशेषतः भिंतीवरचा ७.२ किलोवॉटचा चार्जर बसवणार असाल तर, महावितरणकडे भार वाढवून घ्यावा लागेल. आपल्या भागातल्या शाखा कार्यालयात विचारा, तीन फेजची गरज आहे का तेही तिथं कळेल. फ्लॅट असेल तर आधी सोसायटीशी बोला. केबल मीटर रूममधून कुठल्या भिंतीनं येणार, हे कागदावर काढून सभेपुढं ठेवलं की निम्मा विरोध तिथंच मावळतो. लोकांना भीती विजेची कमी आणि बिल कुणाच्या डोक्यावर बसणार याची जास्त असते. स्वतंत्र मीटर घेतला की तोही प्रश्न संपतो.

शहराच्या पूर्व भागातल्या ज्या घरांत कापडाचे माग चालतात, तिथं तीन फेज आयतीच असते आणि गाडी तिथंच लावायचा मोह होतो. पण मागासाठी घेतलेल्या सवलतीच्या जोडणीवर गाडी चार्ज करणं म्हणजे मंजूर कारणाशिवाय वीज वापरणं. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली त्यावर जादा आकारणी होऊ शकते. शेतीपंपाच्या जोडणीलाही हेच लागू.

पायरी ३: बिलाचं गणित स्वतः करा

शोरूममध्ये "किलोमीटरला अमुक पैसे" असं सांगतात. ते गणित कुठल्या दरानं केलंय ते विचारा. घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्पे पडतात आणि वरच्या टप्प्याचा दर चढा असतो. गाडीची युनिटं तुमच्या घरच्या वापरावर चढतात, म्हणून त्यांना सरासरी दर लावू नका. आपण आत्ता ज्या टप्प्यात आहोत त्याचा दर धरा, आणि गाडीमुळे पुढच्या टप्प्यात गेलो तर तिथला.

छोटी ई-कार एका युनिटला साधारण सात किलोमीटर जाते. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर बॅटरीला १४३ युनिटं, आणि चार्जिंगमध्ये उष्णतेवाटे वाया जाणारी धरून मीटरवर सुमारे १६०. स्कूटरची तीन युनिटांची बॅटरी भरायला मीटरवर साडेतीनच्या आत-बाहेर पडतात. समजा तुमचा दर युनिटला १२ रुपये आहे, तर बेचाळीस रुपयांत नव्वद किलोमीटर. तेवढ्याला पेट्रोलची स्कूटर जवळजवळ दोन लिटर पिते. फरक मोठा आहेच, तो फुगवून सांगायची गरज नाही.

छप्पर मोकळं असेल तर सौर पॅनलचा विचार नक्की करा, ऊन ही आपली कमाई आहे. एक किलोवॉटचे पॅनल वर्षाच्या सरासरीनं दिवसाला चारेक युनिटं देतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. दिवसा गाडी ऑफिसात असली तरी नेट मीटरवर, म्हणजे दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करणाऱ्या मीटरवर, हिशेब होतो.

बाहेरच्या फास्ट चार्जरचा दर घरच्यापेक्षा बराच जास्त असतो, वर १८ टक्के जीएसटी. रोज तिथंच भरायची वेळ येणार असेल, म्हणजे घरी पार्किंगच नसेल, तर कार घेण्याआधी पुन्हा विचार करा. स्कूटर घ्या, शक्यतो बॅटरी काढून वर नेता येणारी.

पायरी ४: ऊन

मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, आणि बॅटरीला उष्णतेसारखा शत्रू नाही. दुपारी होटगी रोडवरून तापून आलेली गाडी लगेच प्लगला लावू नका, तासभर सावलीत राहू द्या. रात्री जेवण झाल्यावर लावा. काढलेली बॅटरी झोपायच्या खोलीत किंवा घरातून बाहेर पडायच्या वाटेत चार्ज करू नका. कंपनीचा सोडून दुसरा चार्जर लावू नका.

पायरी ५: तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, पुणे

तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर. जाताना शेवटी घाट आहे, तिथं बॅटरी भराभर उतरते, येताना उतारावर थोडी परत मिळते. अक्कलकोट जाऊन-येऊन ऐंशी. नव्वदची रेंज दाखवणाऱ्या स्कूटरवर दोघं बसून हा हिशेब करू नका, तिथं उतरल्यावर कुठल्या दुकानात किंवा भक्त निवासात तासभर प्लग मिळेल हे आधी ठरवा. पंढरपूर येऊन-जाऊन दीडशेच्या आसपास, छोटी कारही एका चार्जमध्ये घरी आणते. आषाढीच्या दिवसांत मात्र वळवलेले रस्ते आणि गर्दी धरून पन्नास किलोमीटर जादा ठेवा.

पुणे अडीचशे किलोमीटर. लहान बॅटरीच्या कारला वाटेत एकदा थांबावंच लागतं, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण या पट्ट्यात. पुणे आपल्यापेक्षा शंभरेक मीटर उंचावर आहे आणि पावसाळ्यात वारा समोरून येतो, त्यामुळे जातानाचा खर्च येतानापेक्षा जास्त येतो. ताशी शंभरच्या वर गेलात तर रेंज डोळ्यांदेखत घटते.

निघायच्या आदल्या रात्री दोन-तीन चार्जिंग ॲप मोबाइलवर घेऊन वॉलेटमध्ये थोडे पैसे टाका. रस्त्यात नेटवर्क नसताना ओटीपीची वाट बघत बसणं फार जिवावर येतं. आजच्या जवळपास सगळ्या ई-कारना फास्ट चार्जिंगसाठी सीसीएस-२ नावाच्या प्रकारची गन (चार्जरच्या केबलचा प्लग) लागते, ॲपमध्ये तेवढंच बघा. त्या चार्जरवर शेवटची गाडी कधी चार्ज झाली तेही बघा. आठवडाभर कुणी वापरला नसेल तर तो बंद आहे असं समजून चाला. बॅटरी वीस टक्के असतानाच पहिल्या ठिकाणी पोचा, म्हणजे तो बंद निघाला तरी पुढचा गाठता येतो. ऐंशी टक्के झालं की गन काढा. त्यापुढं चार्जिंग संथ होतं आणि मागं दुसरा खोळंबतो.

पायरी ६: धंदा असेल तर, थांबण्याचा वेळ मोजा

आता व्यावसायिकांसाठी. इथं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्याकडे हल्ली निम्मे फोन हेच विचारायला येतात: "चार्जर टाकू का?"

आधी कायद्याचं. चार्जिंग स्टेशन चालवायला वीज विक्रीचा परवाना लागत नाही, केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं २०१८ मध्येच हे स्पष्ट केलंय. महावितरणकडे चार्जिंग स्टेशनसाठी वेगळा दर आणि वेगळी जोडणी मिळते. अडचण परवान्याची नाहीच. चुकीचा चार्जर निवडला की सगळं फसतं.

पुणे रोडवरच्या एका ढाबामालकाला स्वस्तात मिळतो म्हणून ७ किलोवॉटचा एसी, म्हणजे संथ, चार्जर बसवायचा होता. त्याला विचारलं, "तुमच्याकडं माणूस किती वेळ बसतो?" म्हणाला, "जेवायला चाळीस मिनिटं." चाळीस मिनिटांत त्या चार्जरवरून पाचेक युनिटं जाणार, म्हणजे पस्तीस किलोमीटर. तेवढ्यासाठी पुण्याची गाडी कशाला थांबेल? त्याला तीस किंवा साठ किलोवॉटचा डीसी, म्हणजे फास्ट, चार्जर हवा, म्हणजे मोठी तीन फेज जोडणी, कदाचित स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर, आणि गाडी येवो न येवो महिन्याला भरावा लागणारा स्थिर आकार. त्याउलट अक्कलकोट किंवा पंढरपुरातल्या लॉजला तोच ७ किलोवॉटचा चार्जर उत्तम. भाविक रात्री नऊला येतो, काकड आरतीला उठतो, तोवर गाडी भरलेली. नवी पेठेतल्या कापड दुकानासमोर तर एवढंही नको. कुलूपबंद डबीतला १६ अँपिअरचा पॉइंट आणि छोटा मीटर बसवला तरी लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या माणसाची स्कूटर दोन तासांत बरीच वर येते.

आणि कमाई युनिटांत शोधू नका. एक कार वीस युनिटं घेऊन जाते. युनिटमागं पाच रुपये सुटले असं धरलं तरी शंभर रुपये. त्याच पाऊण तासात चार माणसं कडक भाकरी, शेंगा चटणी, चहा घेतात आणि निघताना चटणीची दोन पाकिटं नेतात. म्हणून चार्जरवर पत्रा टाका, खाली बसायला बाकडं ठेवा आणि स्वच्छतागृह खरंच स्वच्छ ठेवा. पाऊण तास अडकलेल्या बाईमाणसांना आणि म्हाताऱ्यांना सगळ्यात आधी तेच लागतं.

शहरातल्या पंपांचं काय? "शंभरचं टाका" म्हणणारी दुचाकी हळूहळू घरच्या भिंतीकडे वळेल, असं मला वाटतं. ट्रक, ट्रॅक्टर, एसटी लगेच कुठं जात नाहीत. हायवेवरच्या पंपाकडे जागा असते, उजेड असतो, रात्रभर माणसं असतात, त्याला चार्जिंग जोडधंदा म्हणून शोभेल. शहरातल्या चिंचोळ्या जागेतल्या पंपाला हे अवघड आहे, त्यानं आतापासून हिशेब मांडायला हवा. पीयूसी केंद्रांचीही तीच गत, ई-गाडीला पीयूसी लागतच नाही.

गॅरेजवाल्यांची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण ती माझ्याच जातकुळीतली माणसं आहेत, हातावरची. ऑइल बदल, प्लग, क्लच प्लेट, सायलेन्सर, कार्बोरेटर, ही रोजची कामं ई-गाडीत नाहीत. ब्रेक, टायर, शॉकॲब्सॉर्बर, बेअरिंग, हँडलचा कोनसेट, पंक्चर, हे राहतंच, आणि बॅटरीच्या वजनानं टायर तर जरा लवकरच झिजतात. अशोक चौकाजवळचा माझा एक मिस्त्री मित्र दोन महिने रविवारी सकाळी माझ्याकडे मल्टिमीटर शिकायला येत होता. पहिल्या दिवशी तो प्रोब स्क्रू ड्रायव्हरसारखा मुठीत धरायचा. आता वायर कुठं तुटलीय ते तो माझ्याआधी सांगतो. तुमच्याकडे गॅरेज असेल तर सुरुवात अशीच करा: मीटर, इन्शुलेटेड हातमोजे, आणि कंपनीचं किंवा आयटीआयचं प्रशिक्षण. कारमध्ये नारिंगी रंगाची केबल दिसली की प्रशिक्षण झाल्याशिवाय हात लावायचा नाही, त्यात जीव घेणारं व्होल्टेज असतं.

रिक्षावाल्यांना एकच सांगणं. दुपारच्या जेवणाचा तास हाच तुमचा चार्जिंगचा तास. स्टँडजवळच्या एखाद्या दुकानदाराशी महिन्याचा हिशेब ठरवून पॉइंट घ्या.

पायरी ७: सही करायच्या आधी

बॅटरीची वॉरंटी किती वर्षं, किती किलोमीटर आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बदलून मिळेल, हे लेखी घ्या. सर्व्हिस सेंटर सोलापुरात आहे की पुण्याला न्यावी लागेल ते विचारा. २५० वॉटच्या आतली आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी गाडी असेल तर नोंदणी आणि लायसन्स लागत नाही, त्यापुढच्या सगळ्या गाड्यांना लागतं आणि हिरवी नंबरप्लेट मिळते. टेस्ट राइड तुमच्या रोजच्या रस्त्यानं, मागं माणूस बसवून घ्या.

पहिली रात्र

गाडी घरी आली, पूजा झाली, पेढे वाटून झाले. त्या रात्री चार्जिंग लावून लगेच झोपू नका. पंधरा मिनिटांनी जाऊन प्लगच्या मागच्या बाजूला हात लावा. तासाभरानं पुन्हा. कोमट लागला तर ठीक. हात ठेवता येत नसेल इतका तापला असेल तर आधी एमसीबी पाडा, मग प्लग काढा आणि सकाळी वायरमनला बोलवा. झोपायच्या आधी तिसऱ्यांदा बघा. आठवडाभर हे करा.

जुळे सोलापुरातल्या त्या घरी मी नवी लाइन ओढली, अर्थिंगचा खड्डा नव्यानं भरला आणि संध्याकाळी चार्जिंग लावून तिथंच पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसलो. वहिनींनी चहा आणून दिला. बॉनेटवरचा हार तेवढ्यात कुणीतरी काढला होता. सव्वा तासानं गिऱ्हाईकाचा हात धरून प्लगवर ठेवला. कोमट होता.